खालचा माणूस

पडण्यात तसं काहीच नव्हतं. राउनो बांधकामाच्या गेटातून आत शिरून कॉफीच्या खोलीकडे निघाला होता, खांद्याला पिशवी, डोक्यावर हेल्मेट, हेल्मेटचा पट्टा नेहमीसारखा सुटा, आणि एकाएकी त्याचे पाय त्याला न विचारता पुढे निघून गेले. मध्ये एक क्षण असा होता की तो कशालाच टेकलेला नव्हता. त्या क्षणात त्याला क्रेनच्या टोकाचा लाल दिवा दिसला, आणि क्रेन चालवणारी मेर्वी वर पोचलीसुद्धा, आज आपल्यालाच उशीर झाला, एवढा विचारही नीट करून झाला. मग आवाज आला. तो बाहेरून आला की आतून, हे त्याला पुढेही ठरवता आलं नाही. कुणीतरी लांब फळी टाकावी तसा कोरडा, साधा आवाज. आणि पाठोपाठ हसणं. बर्फावर माणूस घसरला की बघणाऱ्याला हसू येतंच, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नसतं. सख्खा बाप घसरला तरी आधी हसू फुटतं आणि मग माणूस हात द्यायला धावतो. राउनो स्वतः जन्मभर असाच हसत आला होता. म्हणून कुणी जवळ यायच्या आत तो उठला, वाळूच्या पिंपापर्यंत घरंगळत गेलेलं हेल्मेट उचलून त्याने डोक्यावर ठेवलं आणि सगळ्यांना वाकून मुजरा केला. वाकताना डोळ्यांपुढे काहीतरी पांढरं हललं, पण अवतीभवती सगळं पांढरंच होतं.

रेडिओवरच्या बाईने सकाळीच सांगितलं होतं की आज कवटीचं हवामान आहे. गोठलेल्या जमिनीवर पाऊस पडून गेला आणि वरून पुन्हा गारठा आला, की औलू शहरात त्याला हेच नाव आहे, आणि ते ऐकून कुणी घरी बसत नाही. सामुलीने, म्हणजे साइटच्या सुपरवायझरने, ट्रकच्या रस्त्यावर खडी टाकून घेतली होती. पण खडीचं असं असतं की पावसात ती बर्फात बुडते आणि तिच्यावर नवी साय धरते. डोळ्यांना खडी दिसते, पायाला लागत नाही. बुटांवर चढवायचे खिळ्यांचे पट्टे राउनोच्या पिशवीत होते. सगळ्यांचेच पिशवीत होते. गेटापासून खोलीपर्यंत हाकेचं अंतर, तेवढ्यासाठी कोण वाकतो. खोलीत बसावं, गरम घोट घ्यावा आणि मग निवांत चढवावेत, अशी रीत होती. दुसरी रीत पावांची. साइटवर जो कुणी घसरून पडेल त्याने दुसऱ्या दिवशी नऊच्या कॉफीला सगळ्यांसाठी वेलदोड्याचे गोड पाव आणायचे. ही रीत कुणी पाडली कुणास ठाऊक, पण तिच्यात शहाणपण आहे असंच सगळे मानत. पाव खाल्ले की पडणं संपलं. मग त्यावर कुणी बोलायचं नाही, कुणी काही विचारायचं नाही. खोलीच्या भिंतीवर अपघाताविना गेलेल्या दिवसांचा एक फळा होता, त्याच्याशी तर पावांचा संबंधच नव्हता. ज्यात रुग्णवाहिका येते तो अपघात. ज्यात पाव येतात तो विनोद. काँक्रीटच्या तयार लाद्या बसवणारा यार्क्को, ज्याचा आवाज त्याच्या आधी साइटवर पोचायचा, तो ओरडला की उद्याचे पाव राउनोचे, आणि राउनोने हात वर करून ते कबूल केलं. खाली जमिनीवर तरी ते तिथेच मिटलं.

वर मिटलं नाही. छातीवर अडकवलेला रेडिओ खरखरला आणि मेर्वीने विचारलं, "डोकं आपटलं?"

"हेल्मेट आपटलं," राउनो म्हणाला.

 तिने सगळं पाहिलं असणार. हेल्मेट आधी उडालं आणि डोकं मागून जमिनीवर पोचलं, हेसुद्धा तिच्या नजरेतून सुटलेलं नसणार. पण मेर्वी खोदून विचारणारी बाई नव्हती, आणि झाकली मूठ सव्वा लाखाची हे तिलाही कळत होतं. तिने हूक किंचित खाली सोडला आणि पुन्हा वर घेतला. ही तिची रोजची सुप्रभात.

क्रेनखाली उभं राहून वजन कुठे न्यायचं, कधी उचलायचं, कधी टेकवायचं हे हातांनी सांगणाऱ्याला या धंद्यात खालचा माणूस म्हणतात. राउनो कितीतरी वर्षं मेर्वीचा खालचा माणूस होता. इमारती बदलल्या, कंपन्या बदलल्या, तिने प्रत्येक ठिकाणी सांगितलं की मला हाच हवा. रेडिओ दोघांकडे असले तरी गारठ्यात बॅटरी मान टाकते, आणि चॅनेलवर यार्क्कोसारखे दहा जण कोकलत असतात. त्यापेक्षा हात बरे. उजवा हात वर करून गोल फिरवला की वर घे. खाली करून फिरवला की खाली सोड. आणि शेवटी, लादी भिंतीवर बसायची वेळ आली की दोन तळवे समोरासमोर धरायचे आणि मधलं अंतर दाखवायचं, अजून हातभर, अजून वीतभर, आता चार बोटं. दोन टनांची लादी तेवढीच खाली यायची, बोटभर कमी नाही की जास्त नाही. जेव्हा दोन तळवे एकमेकांना चिकटायचे तेव्हा ती टेकलेली असायची. जमिनीवर ती दोघं क्वचितच भेटत, कारण मेर्वी डबा आणि थर्मास घेऊन वर जायची ती काम सुटल्यावरच उतरायची. एकदा उन्हाळ्यात कंपनीने सगळ्यांना सॉसेज भाजून खायला बोलावलं होतं, तेव्हा ती दोघं बराच वेळ शेजारी शेजारी उभी राहून सॉसेज उलटत होती. मेर्वी त्याच्या तोंडाकडे बघतच नव्हती. शेवटी ती म्हणाली, तुझे हात वरून मोठे दिसतात. याला प्रेम म्हटलं असतं तर दोघंही हसली असती. पण या जगात राउनोकडे दुसरं कुणी इतकं लक्ष देऊन पाहत नव्हतं, आणि तेवढं त्याला पुरत होतं. बायको, तुइया, केव्हाच केमी गावातल्या एका होड्या विकणाऱ्याकडे राहायला गेली होती. भांडण वगैरे नव्हतं. ती म्हणाली होती, तू घरी असलास तरी कळत नाही. 

दुसऱ्या दिवशी तो पाव घ्यायला पेट्रोल पंपावरच्या दुकानात थांबला. काउंटरमागच्या मुलीने कुठले हवेत विचारलं आणि राउनोला तो शब्द सापडेना. वास समोर होता, पाव समोर होते, त्यांवरचे साखरेचे खडे दिसत होते, आणि शब्दाच्या जागी नुसतीच जागा होती. त्याने बोट दाखवलं. मुलीने वेलदोड्याचे का असं विचारलं तेव्हा त्याला इतकं हायसं वाटलं की त्याने गरजेपेक्षा जास्त पाव घेतले. डोकं रात्रभर ठणकत होतं, पण ठणकणारच. हाडं असलेल्या माणसाचं काहीतरी दुखतंच. टीव्हीपुढच्या खुर्चीत त्याला झोप लागली होती आणि सकाळी उठताना वाटलं होतं की आपण उठलो, पण आपल्यातलं काहीतरी खुर्चीतच बसून राहिलं. घरून निघताना गाडीत बसल्यावर त्याच्या लक्षात आलं होतं की उजव्या हातात हातमोजा आहे आणि डाव्यात नाही. डावा हात लाल पडला होता आणि त्याला थंडी वाजत नव्हती. त्या हाताकडे बघताना त्याला मोठं नवल वाटलं, पण भीती वाटली नाही. डाव्या हातमोज्यासाठी परत वर जायचं जिवावर आलं म्हणून त्याने गाडीतलाच एक जुना, सैल मोजा चढवला.

दुखणं अंगावर काढायची त्याच्या घराची जुनी सवय. कैनू प्रांतातल्या त्या तळ्याकाठच्या घरात आई सकाळी चुलीतली राख पायऱ्यांवर पसरायची, ती एक खबरदारी झाली, बाकी सगळं देवावर आणि बुटांवर सोडलेलं. बाप गोठ्यासाठी तळ्याच्या बर्फातल्या भोकातून पाणी काढून आणायचा. त्या भोकाच्या कडेला सांडून सांडून बर्फाचा घोटीव उंचवटा झालेला असायचा, आणि त्यावर राउनो दोन बादल्यांसकट आपटला होता. बाप लांबून म्हणाला होता, आधी उठ, मग कुठे लागलं ते बघ. तो उठला. कुठे लागलं ते बघायचं राहून गेलं, कारण पाणी सांडलं होतं आणि ते पुन्हा भरायचं होतं. बापाला वाईट म्हणावं तर तसंही नव्हतं. संध्याकाळी त्याने काही न बोलता राउनोच्या बुटांच्या तळव्यांना घोड्याच्या नालेचे खिळे ठोकून दिले होते. माया होती, पण ती बुटांच्या तळव्यांशी. माणसं एकमेकांकडे वरून बघत नसत.

खरं सांगायचं तर आता न सांगण्याचं कारण ही सवय नव्हती, पेंत्ती होता. पेंत्ती परांच्या उभारायचा. दोन हिवाळ्यांपूर्वी शिडीच्या शेवटच्या पायरीवरून त्याचा पाय सुटला, म्हणजे जिथून पडणं ही लाजच वाटावी तिथून. खुबा मोडला. मग डॉक्टर, मग घरी, मग पुन्हा डॉक्टर, आणि एक दिवस पेंत्ती साइटचा माणूस राहिला नाही. आता तो बाजारपेठेच्या मोठ्या दालनात, गरम हवेच्या जाळीशेजारच्या बाकावर बसतो. राउनो एकदा त्याच्या शेजारी बसला होता. कुठलं दुकान किती वाजता उघडतं, कुठल्या सुरक्षारक्षकाची बदली झाली, हे पेंत्तीने त्याला सांगितलं, आणि मग विचारलं की मेर्वी अजून हूक हलवून सुप्रभात करते का. हे विचारताना त्याने दुसरीकडे बघितलं. राउनो त्यानंतर मागच्या दाराने बाजारात जाऊ लागला. गेल्या हिवाळ्यात त्याचं स्वतःचं मनगट असंच घसरून मोडलं होतं, आणि कंपनीच्या तरुण डॉक्टरीणबाई फार गोड बोलून म्हणाल्या होत्या की पुन्हा असं काही झालं तर आपल्याला वेगळा विचार करावा लागेल. हृदयाचे ठोके चुकतात म्हणून त्यांनी त्याला रक्त पातळ करायच्या गोळ्याही दिल्या होत्या. या गोळ्या चालू असताना पडू नका, आत रक्त वाहू लागलं तर थांबत नाही, असं त्या म्हणाल्या. औलूमध्ये, जानेवारीत. राउनो तेव्हा मनापासून हसला होता.

नऊची कॉफी झाली. खोलीत ओल्या कपड्यांचा आणि वेलदोड्याचा वास कोंदला होता. यार्क्कोने पहिला पाव उचलून सगळ्यांना दाखवला आणि म्हणाला की राउनोने दरवर्षी पडावं, एवढे मऊ पाव तार्मोने कधी आणले नाहीत. तार्मो हा यार्क्कोचा जोडीदार, समुद्रापलीकडून एस्टोनियातून आलेला. तो म्हणाला की त्याच्या गावात माणूस पडला की त्याला दारू पाजतात, पाव उकळत नाहीत. सगळे हसले. राउनोही हसला, फक्त त्याला वाटलं की आपलं हसू तोंडाच्या एकाच बाजूला होतंय. सामुली दारात उभ्या उभ्या पाव खाऊन गेला. लागलं नाही ना, असं त्याने भरल्या तोंडाने विचारलं, ज्या सुरात विचारल्यावर उत्तर प्रश्नातच असतं त्या सुरात. मुलगा वाईट नव्हता. त्याच्या डोक्यावर इमारत होती आणि इमारतीच्या डोक्यावर तारीख होती. जाताना त्याने फळ्यावरचा कालचा आकडा पुसला आणि एकाने वाढवून लिहिला. राउनो त्या आकड्याकडे बघत राहिला. क्षणभर त्याला वाटलं की आता उठावं आणि सांगावं, बाबांनो, डोकं आपटलं होतं, आणि ते अजून आपटतंच आहे. पण समोर कागदाच्या पिशवीत फक्त साखरेचे खडे उरले होते. पाव संपले होते. संपलेल्या गोष्टीवर बोलणारा माणूस कटकट्या समजला जातो, आणि राउनोला कटकट्या व्हायचं नव्हतं. त्याला बाकावर जायचं नव्हतं. दोन्ही एकच गोष्ट आहे असं त्या घडीला त्याला वाटलं.

त्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर बाल्कनीच्या लाद्या बसवायच्या होत्या. गारठा वाढला होता आणि कालच्या बर्फावर बारीक भुरभुरतं हिम पडत होतं, पिठासारखं, निरुपद्रवी दिसणारं. जिन्याच्या लोखंडी पायऱ्यांवर खिळ्यांचे पट्टे उलटे घसरतात म्हणून ते खाली काढून ठेवायचे आणि वर गेल्यावर दुसरे चढवायचे. राउनोने पट्टे काढले आणि चढू लागला. डावा बूट प्रत्येक पायरीला अडकत होता. म्हणजे पाय उचलला जात होता, पण पायरीला हवा त्यापेक्षा थोडा कमी, जसा काही पाय पायरीची उंची विसरला होता. मागून येणाऱ्या यार्क्कोने त्याला ढोसलं आणि म्हणाला की चल म्हाताऱ्या, पाव पचतायत का अजून. राउनोने कठडा धरला. जिन्याच्या वळणावर उभं राहून तो दम खात असताना त्याला एकदम तुइयाची आठवण आली, म्हणजे तिची नाही, तिच्या हातांची. ती पीठ लागलेले हात धुवायची आणि न पुसता त्याच्या मानेला लावायची, गार, मुद्दाम. तो ओरडायचा. हे कधी थांबलं? एखादी गोष्ट शेवटची होऊन जाते तेव्हा ती शेवटची आहे असं कुणी सांगत नाही. त्याला अचानक रडू येईल असं वाटलं आणि त्याचंच त्याला आश्चर्य वाटलं, कारण वरच्या मजल्यावर लाद्या वाट बघत होत्या आणि त्याला रडण्याशी कधी काम पडलं नव्हतं.

वर मोकळ्या मजल्यावर वारा होता. राउनो आपल्या जागी उभा राहिला, जिथून कड, भिंत आणि मेर्वीची काचेची खोली तिन्ही दिसतात तिथे. लादी खालून वर आली, साखळ्यांत आडवी, स्वतःभोवती सावकाश फिरत. तार्मोने दोरी ओढून तिला सरळ केली. लादी बसायच्या आधी भिंतीच्या माथ्यावरचा बर्फ काढावा लागतो, नाहीतर तो आत राहतो आणि वसंतात वितळून लादी हलते. यार्क्को गॅसचा बर्नर घेऊन तो बर्फ वितळवत होता. हे लादी यायच्या आधी करायचं असतं. पण सगळे घाईत असतात आणि सगळे लादी वर असतानाच हात घालतात, तसा त्यानेही घातला होता. तेवढा उरलेला तुकडा, म्हणाला तो, तू ये घेऊन हळूहळू. राउनोने उजवा हात खाली करून फिरवला. लादी उतरू लागली. हात सुरेख चालत होता. डोकं दुखत होतं पण लांब कुठेतरी, दुसऱ्या खोलीतल्या माणसाचं दुखावं तसं. त्याने थांब म्हटलं, लादी थांबली. आता त्याने दोन्ही हात समोर आणले आणि तळव्यांत अंतर धरलं, वीतभर. वीतभर सोड, मग थांब, तोवर यार्क्को हात काढील.

लादी हलली नाही.

त्याने पुन्हा दाखवलं, वीतभर. मेर्वीची काच करडी दिसत होती, तिच्यात आभाळ होतं. लादी साखळ्यांत किंचित डुलत होती आणि खाली येत नव्हती. राउनोला राग आला. इतक्या वर्षांत तिला दोनदा सांगावं लागलं नव्हतं. यार्क्कोने वाकलेल्या अवस्थेतूनच मान वळवली आणि काय खोळंबा झालाय असं विचारलं. राउनोने तळवे थोडे हलवले, बाई, वीत कळत नाही का तुला, वीत.

"राउनो," रेडिओतून मेर्वी म्हणाली. ती चॅनेलवर सहसा नाव घेत नसे. "डावा हात कुठाय?"

"वर आहे."

"नाहीये."

तो वर होता. राउनोला तो वर असल्याचं कळत होतं, बोटं पसरलेली, तळवा उजव्या तळव्यासमोर, आणि मध्ये थंड हवेची एक वीत. हे कळणं डोळ्यांनी बघण्याइतकंच पक्कं होतं. तरीही त्याने मान वळवून बघितलं. डावा हात खांद्यापासून सरळ खाली लोंबत होता. सैल मोजा गळून बर्फावर पडला होता. तो हात कुणातरी दुसऱ्याचा असावा आणि तो माणूस त्याच्या अगदी अंगाला खेटून उभा असावा, असं त्याला वाटलं, आणि त्या माणसाची त्याला दया आली. मग कळलं. म्हणजे सगळं एकदम कळलं नाही, एवढंच कळलं की वरून तिला एकच तळवा दिसत होता, आणि एका तळव्याला वीत दाखवता येत नाही. तिने अंदाजाने सोडलं असतं तर. यार्क्कोचे दोन्ही हात लादीखाली होते. निळी ज्योत अजून फुरफुरत होती आणि तिच्या उजेडात त्याची बोटं, जाड, लालसर, लग्नाची अंगठी चिकटपट्टीने झाकलेली, अगदी स्पष्ट दिसत होती. राउनोला भीती वाटली. काल सकाळपासूनची पहिली खरी भीती, आणि ती स्वतःसाठी नव्हती.

तरी मन लबाड असतं. त्या भीतीच्या आतसुद्धा त्याने एक वाक्य तयार केलं, की खांदा आखडलाय, गारठ्यामुळे, दोन मिनिटं दे. हे वाक्य चाललं असतं. मोठी माणसं अशा वाक्यांवर वर्षानुवर्षं चालतात. चॅनेलवर सगळे ऐकत होते, सामुलीही. खरं बोललं की त्या गोड डॉक्टरीणबाई, मग घर, मग गरम हवेच्या जाळीशेजारचा बाक. पेंत्ती थोडा सरकून जागा देईल आणि विचारणार नाही की काय झालं. यानंतर मेर्वी दुसऱ्या कुणाच्या तरी हातांकडे बघेल. हा विचार त्याला सोसवला नाही. पण ज्योत फुरफुरत होती, आणि त्याने ठरवलं. ठरवायला श्वासाएवढाच वेळ लागला. त्याने उजव्या हाताने रेडिओचं बटण दाबलं आणि सांगितलं, मेर्वी, काल पडलो तेव्हा माझं डोकं आपटलं होतं, हेल्मेट आधीच उडालं होतं, मी खोटं बोललो, दुसरा खालचा माणूस घे. क्रेनवरच्याने दुसरा माणूस मागितला तर तो खालच्याचा अपमान असतो. खालच्याने स्वतः मागितलेला त्याने कधी ऐकला नव्हता. सांगून झाल्यावर त्याला एकदम हलकं वाटलं.

"परत बोल," मेर्वी म्हणाली. "कळलं नाही."

त्याने परत सांगितलं. सावकाश, एकेक शब्द सुटा करून.

"राउनो, आवाज येतोय, शब्द कळत नाहीयेत."

यार्क्कोने ज्योत बंद केली आणि तो लादीखालून बाहेर आला. हे बघून राउनोच्या जिवात जीव आला. यार्क्को हसत होता, म्हणाला की काय रे, तार्मोची दारू प्यायलास काय, आणि मग राउनोच्या तोंडाकडे बघून त्याचं हसू जागच्या जागी थांबलं. लादी वर गेली. राउनोने खूण केली नव्हती. ती भिंतीपासून दूर झाली, मोकळ्या हवेत सावकाश वळली, मजल्याच्या कडेपलीकडे गेली आणि दिसेनाशी झाली. थोड्या वेळाने खालून साखळ्या सैल पडल्याचा आवाज आला. मेर्वीने ती एकटीने अंगणात टेकवली होती, कुणाच्या हातांशिवाय, कसलाही धक्का न देता. ते बरोबरच होतं. ते त्याला डोक्यापेक्षा जास्त लागलं.

तार्मोने त्याला मागून काखांत धरून खाली बसवलं. आपलं जाकीट काढून त्याच्या पाठीला लावलं. यार्क्को समोर गुडघ्यांवर बसला, इतका जवळ की त्याच्या श्वासाला वेलदोड्याचा वास येत होता, आणि त्याचा तो मोठा आवाज कुठे गेला होता कळेना. "राउनो, कुठे दुखतंय? सांग ना मला." राउनोने सांगितलं. काल पडलो, तू हसलास, मीही हसलो, तेव्हा डोकं आपटलं. यार्क्कोने तार्मोकडे बघितलं आणि तार्मोने मान हलवली. जिन्यावरून सामुली धापा टाकत आला आणि काय झालं विचारू लागला. यार्क्कोपाशी तोवर फोन होता आणि फोनवर कुणीतरी बाई त्याला शांतपणे एकामागून एक विचारत होती. तो सगळ्याची उत्तरं देत होता, नीट, आठवून, इमारतीचा पत्ता, मजला, वय साधारण, शुद्धीवर आहे, बोलतोय पण समजत नाही, डावी बाजू गेल्यासारखी वाटते.

"नाही, नाही," यार्क्को म्हणाला. "पडला वगैरे नाही. उभ्या उभ्याच झालं. डोक्याला काही लागलेलं नाही."

तो खोटं बोलत नव्हता. राउनोने त्याच्या डोळ्यांत बघितलं, तिथे खोटं नव्हतंच. होती ती फक्त काळजी, आणि पुसून कोरडा केलेला कालचा दिवस. सामुलीही मान डोलावत होता की हो, काल तर चांगला होता. राउनोने उजवा हात उचलून आपल्या डोक्याच्या मागे नेला, तिथे, इथे, आणि तार्मोने तो हात प्रेमाने पकडला, खाली आणला आणि आपल्या दोन्ही हातांत गरम करू लागला. त्यांच्या खांद्यांवरून राउनोला क्रेन दिसत होती. काचेच्या खोलीचं दार उघडं होतं. मेर्वी शिडीवरून उतरत होती, पाठमोरी, दोन्ही हात शिडीला, कारण दांड्यांवर बर्फ होता आणि घाई करून चालणार नव्हतं. काल हेल्मेट आधी उडालं होतं, हे तिला माहीत होतं. खाली पोचली की ती सांगेल. पण क्रेन उंच होती आणि ती अजून अर्ध्यावरही आली नव्हती, आणि फोनवरच्या बाईने पुन्हा काहीतरी विचारलं, आणि यार्क्को पुन्हा नाही म्हणाला. राउनोने पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.